बाळाच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत: मुंबईला पोचेपर्यंत काय करायचं, काय करू द्यायचं नाही

वाचकाचं पत्र: आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत. थोरली मुलगी चार वर्षांची, ठणठणीत आहे. तिच्या पाठचा मुलगा पाच महिन्यांचा असताना न्यूमोनियाने गेला. आता तिसरा मुलगा अडीच महिन्यांचा आहे, वजन ४ किलो २०० ग्रॅम. तोंडातला पांढरा थर औषध लावून जात नाही, जुलाब थांबत नाहीत, बीसीजीची जागा वाहते आणि डाव्या काखेत गाठ आलीय. डॉक्टर म्हणाले, जन्मापासून प्रतिकारशक्ती नसण्याचा आजार असू शकतो, मुंबईला दाखवा. सासूबाई म्हणतात नजर लागलीय, काय होत नाही. आशाताई दहा आठवड्यांच्या लसीसाठी बोलावतायत, जाऊ का? अंगावरचं दूध बंद करू का? मिस्टर माझ्या सख्ख्या मामांचा मुलगा आहेत, त्यानं झालं का? मुलीचा बोन मॅरो चालेल का? आणि एवढा खर्च कुठून आणायचा? रक्ताचा रिपोर्ट सोबत पाठवते.

ताई, आधी रिपोर्ट पाहू. एकूण पांढऱ्या पेशी ६,२०० आणि त्यातल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पेशी, १४ टक्के. या दोन आकड्यांचा गुणाकार करून १०० ने भागायचं: ८६८. रक्तातल्या लिम्फोसाइटचा खरा आकडा हा, आणि कागदावर तो कुठेच छापलेला नाही. शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसाची असते, त्यामुळे ६,२०० समोर कोणी लाल खूण करत नाही. दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त लिम्फोसाइटच असतात आणि त्यांचा आकडा साधारण चार हजारांच्या वर असतो. तीन हजारांच्या खाली गेला की शंका घ्यायची, हजाराच्या खाली असेल तर वाट बघायची नाही. तुमच्या डॉक्टरांनी तो हिशेब केला आणि मुंबईला न्या म्हणाले, हे फार चांगलं झालं.

घरात गेलेल्या बाळाची फाइल असेल तर ती काढा. पाच महिन्यांत न्यूमोनिया झाला तेव्हा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नक्की केली असणार. तोच गुणाकार त्या कागदावरही करा. दोन भावांचे दोन्ही आकडे कमी निघाले तर मुंबईच्या डॉक्टरांना अर्धी माहिती दारातच मिळते. आणखी एक विचारून ठेवा: तुमच्या आईच्या किंवा मावशीच्या पोटचा एखादा मुलगा वर्षाच्या आत गेला होता का? हे पुढे कामाला येणार आहे.

पत्रावरून निदान होत नाही, आणि आम्ही करतही नाही. पण न जाणारा तोंडातला थर, लांबलेले जुलाब, वाहणारी बीसीजीची जागा, काखेतली गाठ, तोच दोष असावा असं वाटणारं भावाचं जाणं आणि ८६८ हा आकडा, एवढं एकत्र आलं की सगळ्यात आधी ‘सिव्हियर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी’ हाच विचार करतात. डॉक्टर बोलताना तिला ‘स्किड’ म्हणतात. लिम्फोसाइटचे टी आणि बी असे मुख्य प्रकार असतात. यात टी पेशी तयारच होत नाहीत. टी पेशी नसल्या की बी पेशी असूनही कामाच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना अडवणारी रक्तातली प्रथिनं, बनत नाहीत. पहिले काही महिने आईकडून आलेल्या अँटिबॉडी थोडं झाकून नेतात. पण बुरशी, विषाणू आणि बीसीजी या क्षयाच्या लसीतल्यासारखे जंतू टी पेशींशिवाय आवरत नाहीत, म्हणून ही बाळं दोन-तीन महिन्यांतच आजारी दिसू लागतात. बाळाला ‘अशक्त’ म्हणून टॉनिक देण्यात जे दिवस जातात ते इथेच जातात.

आता मुख्य गोष्ट. या आजारावर उपाय आहे, बोन मॅरो प्रत्यारोपण, म्हणजे रक्तपेशी तयार करणारा हाडातला मगज दुसऱ्याचा घेऊन बाळाला देणं. १९६८ साली अमेरिकेत बहिणीचा मॅरो देऊन अशा बाळाला पहिल्यांदा वाचवलं. उत्तर अमेरिकेतल्या २५ केंद्रांनी २००० ते २००९ या काळात प्रत्यारोपण केलेल्या २४० बाळांचा हिशेब २०१४ साली मांडला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जगली होती. त्याहून मोठी, पण एकदाही संसर्ग न झालेली ९० टक्के. संसर्ग झाला पण प्रत्यारोपणाआधी बरा झाला अशी ८२ टक्के. संसर्ग चालू असताना प्रत्यारोपण करावं लागलं ती ५० टक्के. हे तिथले आकडे आहेत, आपल्याकडे बाळ उशिरा पोचतं आणि बीसीजी घेऊन पोचतं, म्हणून ते जसेच्या तसे धरू नका. पण क्रम तोच राहतो. म्हणजे आजपासून प्रत्यारोपणाच्या दिवसापर्यंत नवा जंतू बाळापर्यंत पोचू न देणं आणि असलेला आटोक्यात आणणं, हे उपचाराचं निम्मं काम आहे. ते बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. पुढे जे सांगतोय ते सगळं त्यासाठीच.

आधी ‘काय करू द्यायचं नाही’. तोंडी पोलिओ, रोटाव्हायरस, बीसीजी आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेला या जिवंत जंतूंच्या लसी आहेत. यातली एकही बाळाला द्यायची नाही. सहा आठवड्यांना पोलिओचे आणि रोटाचे थेंब दिले गेले असतील, तर मुंबईत पहिल्याच भेटीत तारखेसह सांगा, कारण न थांबणारे जुलाब रोटाच्या लसीतल्या विषाणूमुळेही असू शकतात. शौचाची तपासणी त्यासाठी वेगळी सांगावी लागते. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) आणि पोलिओचं इंजेक्शन यांत जिवंत जंतू नसतात. त्यांनी इजा होत नाही, पण टी पेशीच नसतील तर उपयोगही होत नाही. तेव्हा दहा आठवड्यांची फेरी थांबवा. आशाताईंशी भांडायचं कारण नाही, त्यांच्या रजिस्टरला कारण लागतं. डॉक्टरांकडून माता-बाल कार्डावर एक ओळ लिहून घ्या: ‘प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजाराची शंका, पुढील सूचनेपर्यंत कोणतीही जिवंत लस देऊ नये’, खाली सही-शिक्का.

मुलीचंही बघायला हवं. पोलिओ रविवारी तिला थेंब दिले तर तो विषाणू पुढचे काही आठवडे तिच्या शौचातून बाहेर पडत राहतो आणि एकाच मोरीत दोघं असतील तर बाळापर्यंत जातो. तिला तोंडी पोलिओ नको, इंजेक्शनचा द्या. कोणी चुकून थेंब दिलेच तर चार ते सहा आठवडे तिला आजीकडे ठेवता आलं तर उत्तम. तिची गोवर-रुबेलाची लस मात्र चुकवू नका. ती घरात पसरत नाही आणि तिला गोवर होऊ न देणं हेच बाळाचं संरक्षण आहे. घरातल्या सगळ्यांनी फ्लूचं इंजेक्शन घ्या, नाकात फवारायची लस नको.

दुसरी गोष्ट रक्ताची, आणि इथे मोठमोठ्या ठिकाणी चूक होते. बाळाचं हिमोग्लोबिन कमी निघालं, रात्री बाळ पांढरं पडलं, की रक्त चढवायचं ठरतं आणि काका-मामा बाही वर करून उभे राहतात. नातेवाइकाचं रक्त या बाळाला अजिबात नको. दात्याच्या रक्तातल्या जिवंत टी पेशी बाळाच्या अंगात रुजतात. बाळ त्यांना मारू शकत नाही, आणि त्या बाळाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर, मॅरोवर हल्ला करतात. नातं जवळचं असेल तर त्या जास्त सहज रुजतात. शिवाय पुढे ज्या बापाचा किंवा बहिणीचा मॅरो घ्यायचा, त्याच घरातलं रक्त आधी देऊन ठेवणं शहाणपणाचं नाही. रक्त द्यावंच लागलं तर पिशवी विकिरण केलेली, म्हणजे २५ ग्रे मात्रेची किरणं देऊन टी पेशी निकामी केलेली, पांढऱ्या पेशी गाळलेली आणि सीएमव्ही (मोठ्यांना सहसा न जाणवणारा, पण या बाळांना घातक विषाणू) याच्या दृष्टीने सुरक्षित हवी. ‘फिल्टर लावलाय, चालेल’ असं कोणी म्हणालं तर नाही चालत. गाळणीतून थोड्या पेशी सुटतात आणि तेवढ्या पुरतात, विकिरणाला पर्याय नाही. विकिरण केलेली पिशवी प्रत्येक रक्तपेढीत नसते, म्हणून गरज पडण्याआधीच डॉक्टरांना चौकशी करून ठेवायला सांगा.

हे सगळं रात्री दोन वाजता कोणाला समजावत बसता येत नाही. एका कागदावर इंग्रजीत चार ओळी टाइप करून घ्या: स्किडची शंका, जिवंत लसी बंद, रक्त फक्त विकिरण केलेलं, रक्त किंवा आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी) देण्याआधी तपासणीचे नमुने काढणे. त्यावर तुमच्या डॉक्टरांचा फोन नंबर. एक प्रत बाळाच्या दुपट्यात, एक मिस्टरांच्या खिशात. शासकीय रुग्णालयात न्या की खाजगीत, अपघात विभागात पहिल्यांदा हा कागद पुढे करायचा.

नमुने आधी का, तर बाहेरून रक्त किंवा अँटिबॉडी गेल्या की तपासण्या खोटं बोलतात. पहिल्या आयव्हीआयजीच्या आधी आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई या अँटिबॉडींच्या प्रकारांचे नमुने काढून घ्यायचे. मुख्य तपासणी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्रावर पेशींचे प्रकार वेगळे मोजणं. त्यात सीडी३, सीडी४, सीडी८ म्हणजे टी पेशी, सीडी१९ म्हणजे बी पेशी आणि सीडी५६ म्हणजे एनके पेशी (लिम्फोसाइटचा तिसरा प्रकार) किती, ते मोजतात. कोणत्या गटातल्या पेशी नाहीत यावरून कोणत्या जनुकात दोष शोधायचा ते ठरतं. जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिली रक्त लागतं. ते बर्फात ठेवायचं नाही, फ्रीजमध्येही नाही, खोलीच्या तापमानाला ठेवायचं आणि शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचं. सोलापुरात सवयीने नळी थर्मासमध्ये बर्फावर बांधून देतात, आणि मुंबईत ‘नमुना बाद’ असा फोन येतो. शनिवारी काढलेलं रक्त रविवारी कोणाच्या टेबलावर पडून राहतं, तेव्हा सोमवार ते गुरुवारच यासाठी बरे. जनुकीय तपासणीसाठीही त्याच वेळी नळी भरून ठेवा. एचआयव्ही नाही हे बघतात तेव्हा अँटिबॉडीची तपासणी चालत नाही, ती आईची दाखवते, थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी लागते. छातीचा एक्स-रे काढला असेल तर थायमसची, म्हणजे टी पेशी जिथे तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीची, सावली दिसते का ते डॉक्टर बघतील.

आमच्या मते नमुना पाठवत बसण्यापेक्षा बाळालाच घेऊन जा. परळला आचार्य दोंदे मार्गावर बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आहे. तिथे लहान मुलांच्या प्रतिकारशक्तीच्या आजारांचा विभाग आहे. त्याच रस्त्यावर केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, या आजारांच्या तपासण्या तिथे होतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसून सकाळी दादरला उतरता येतं, तिथून परळ हाकेच्या अंतरावर आहे. पण गाडीची सोय होत असेल तर गाडीनेच जा. डब्यात शेजारचा माणूस रात्रभर खोकत असेल तर तुम्ही काय करणार? रेल्वेच घ्यावी लागली तर बाळाला तोंड आतल्या बाजूला करून छातीशी धरा. मास्क मोठ्यांनी लावायचा, बाळाला नाही. जाण्याआधी इथल्या डॉक्टरांनी तिथल्या विभागाला फोन करून ठेवावा, म्हणजे ओपीडीच्या रांगेत शंभर खोकणाऱ्या मुलांत बसावं लागत नाही. श्वास वाढलेला असेल तर मात्र प्रवास नाही, आधी इथे भरती, ऑक्सिजन, मग रुग्णवाहिकेतून.

श्वास मोजायला शिका. बाळ झोपलेलं असताना अंगातलं झबलं वर करून घड्याळावर पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा उचलतं ते मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, बाळाचा श्वास मध्येच थांबत-चालत असतो. या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त म्हणजे लगेच निघायचं. काखेतला ताप १००.४ फॅरनहाइट झाला तरी लगेच, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट नाही बघायची. यातलं फसवं दुखणं म्हणजे न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया. ताप नसतो किंवा नावाला असतो, छाती तपासली तर आवाज स्वच्छ, एक्स-रे सुरुवातीला बराच साफ. फक्त श्वास रोज थोडा वाढतो, दूध पिताना बाळ दमतं आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन घसरत जातो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ श्वासाचा आकडा वहीत लिहा. ४०, ४२, ४६ अशी चढ दिसली तर ५० व्हायची वाट न बघता फोन करा.

ही बुरशी टाळायला कोट्रायमॉक्साझोल देतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं तपासता यावं म्हणून हिशेब सांगतो. डोस त्यातल्या ट्रायमेथोप्रिमवर ठरतो, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम, बहुधा आठवड्यातून तीनच दिवस. ४.२ किलोला २१ मिलिग्रॅम. साध्या पातळ औषधात ५ मिलीत ४० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसाला २.६ मिली, दोन वेळांत विभागून. बाटलीवर ४० आणि २०० असे आकडे आहेत का ते बघा, आणि चमच्याने नाही, सिरिंजने मोजा. घरात जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता कोणाला असेल तर आधी सांगा. बाळाला कावीळ असली किंवा ते महिन्या-दीड महिन्याहून लहान असलं तर हे औषध डॉक्टर जपून देतात. बुरशीसाठी फ्लुकोनाझोल किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम देतात. तोंडाला नुसतं जांभळं औषध लावून हा थर जायचा नाही, तो अन्ननलिकेपर्यंत असू शकतो.

आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेल्या अँटिबॉडी. किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी. तुमच्या बाळाला ५०० च्या हिशेबाने २.१ ग्रॅम, म्हणजे ५ टक्क्यांच्या औषधाचे ४२ मिली. सुरुवात तासाला किलोमागे अर्ध्या मिलीने, बाळ नीट असेल तर दर अर्ध्या तासाने थोडा वेग वाढवायचा. थंडी वाजली, अंग तापलं, बाळ किंचाळू लागलं तर बहुतेक वेळा वेगच जास्त असतो. सिस्टरना वेग कमी करायला सांगा, औषध फेकून देऊ नका. बाटलीवरचा बॅच नंबर वहीत उतरवून ठेवा. पुढच्या डोसआधी आयजीजी मोजतात. ती डेसिलीटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर राहायला हवी, शक्यतो ८०० च्या आसपास.

काखेच्या गाठीला चिरा देऊ नका, कोणाला देऊही देऊ नका. लेप, हळद, गरम शेक काही नको. चिरा दिलेली गाठ महिनोन्‌महिने वाहते. पू काढायचाच असेल तर सुईने, आणि तो कल्चरला पाठवायचा. बीसीजीचा जंतू पायराझिनामाइड या क्षयाच्या औषधाला मुळातच दाद देत नाही. म्हणून क्षयाचं नेहमीचं पाकीट सुरू करून भागत नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि गरजेप्रमाणे आणखी काय ते तज्ज्ञ ठरवतील. रिफाम्पिसिनमुळे फ्लुकोनाझोलची पातळी घसरते, म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरला सगळ्या औषधांची यादी दाखवायची. एक गोष्ट आत्ताच माहीत असू द्या: प्रत्यारोपणानंतर नव्या पेशी कामाला लागल्या की बीसीजीची जागा आणि गाठ पुन्हा लाल होऊन सुजते. ते बहुधा पेशी आल्याचं लक्षण असतं. त्याचा उपचार असतो, घाबरून औषधं बंद करायची नाहीत.

दुधाचं म्हणाल, तर मनाने बंद करू नका. भीती सीएमव्ही विषाणूची असते. आपल्याकडे बहुतेक आयांच्या अंगात तो कधीतरी येऊन गेलेला असतो आणि दुधातून बाळाला जातो. पण बाळ अडीच महिने पितंय. तुमची सीएमव्ही अँटिबॉडी आणि बाळाच्या रक्तातली सीएमव्ही पीसीआर, या दोन तपासण्यांवर ते डॉक्टर ठरवतील, आणि ते पहिल्याच दिवशी विचारा. तोवर डबा आणून घाईने पावडर सुरू करण्यात दुसरा धोका आहे. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते पिंपात साठवलेलं असतं, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा जंतू क्लोरीनला मरत नाही. तुरटी फिरवून, मेडिक्लोर टाकूनही नाही. बाळासाठी लागणारं प्रत्येक पाणी, वाटी-चमचा धुण्याचं आणि जखम पुसण्याचंसुद्धा, खळखळून उकळलेलंच हवं. दूध थांबवा असं सांगितलंच तर दर तीन तासांनी काढत राहा, म्हणजे आटणार नाही. काढलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलं की सीएमव्ही मरतो. फ्रीजरमध्ये गोठवून तो खात्रीने मरत नाही.

घरात दोन खोल्या असतील तर आतली बाळाची. बाळाला हात लावणारी माणसं दोनच, तुम्ही आणि आणखी एक. मिस्टरांनी कारखान्यातून आल्यावर कपडे बाहेरच्या खोलीत काढून अंघोळ करूनच आत यायचं, सुताची धूळ आणि ओलसर भिंतीची बुरशी दोन्ही या फुप्फुसांना नको. शेजारी घर पाडण्या-बांधण्याचं काम चालू असेल तर त्या बाजूची खिडकी बंद. बारसं, जावळ, कान टोचणं, गड्ड्याची जत्रा सगळं पुढे ढकला. शेक-शेगडीची धुरी बंद, नाकात-कानात तेल बंद, सहाणेवर उगाळलेली बाळगुटी आणि मध बंद. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर अंगारा पाळण्याच्या दांडीला लावू द्या, बाळाच्या जिभेला आणि टाळूला नको. त्यांना एक काम नेमून द्या: दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला परत पाठवायचं. ते त्यांच्याइतकं कोणाला जमणार नाही.

मुलीचा मॅरो चालेल का? एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळला तर तिच्याइतका चांगला दाता नाही. सख्ख्या भावंडाचा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तिचं आणि तुम्हा दोघांचं थोडं रक्त किंवा गालाच्या आतला बोळा पुरतो. ती स्वतः दोषाची वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही आजार नसलेली, असली तरी सहसा चालते. मॅरो काढताना तिला पूर्ण भूल देतात आणि कमरेच्या हाडातून सुईने काढतात. घेणारं बाळ इवलंसं असल्याने लागतोही थोडा. एक-दोन दिवसांत ती घरी जाते, दुखरेपणा आणि काही दिवस लोहाचं औषध, एवढंच. तिला आधी खरं सांगा, चार वर्षांच्या मुलीला कळतं. आणि दाता व्हायची शक्यता आहे म्हणून तिला आत्तापासून सर्दी-खोकल्यापासून जपा. काही आठवडे अंगणवाडी बुडाली तर बुडू द्या.

पूर्ण जुळणारं भावंड मिळालं तर स्किडच्या काही प्रकारांत बाळाला आधी केमोथेरपी न देताही मॅरो चढवतात. नाही जुळलं तर आई किंवा वडील, म्हणजे अर्धा जुळणारा दाता. त्यात मॅरोतल्या टी पेशी आधी काढून टाकतात, नाहीतर नंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन आवरतात. आता हे नेहमीचं झालंय, पण गुंतागुंत जास्त असते. टी पेशी यायला तीन-चार महिने लागतात. तोवर घरचे सगळे नियम तसेच, आणि मुंबईतच रुग्णालयाजवळ मुक्काम. बी पेशी नीट आल्या नाहीत तर आयव्हीआयजी पुढेही चालू ठेवावी लागते, त्याला प्रत्यारोपण फसलं असं म्हणत नाहीत.

फ्लो सायटोमेट्रीत वेगळंच निघालं तर मार्गही वेगळा. टी पेशी ठीक आणि बी पेशी नाहीत, असं असेल तर प्रत्यारोपण लागत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी घेत अशी मुलं शाळेत जातात. प्रसूतिगृहात बाळाच्या स्वतःच्या नाळेचं रक्त साठवायच्या जाहिराती बघून ‘तेव्हा पैसे भरले असते तर’ असं वाटत असेल तर ते मनातून काढा. त्या रक्तातही तोच जनुकीय दोष असता, त्याचा काही उपयोग नव्हता.

पैशांचं. केंद्राच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किड पहिल्या गटात आहे, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरे होणारे आजार. नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळते, आणि मुंबईत असं केंद्र केईएम आहे. पैसे घरच्यांच्या हातात येत नाहीत, केंद्राकडे नोंदणी होऊन उपचारावर खर्च होतात. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून निदान पक्कं होईल त्याच आठवड्यात नोंदणी करा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान निधीचे अर्ज सोबतच टाका, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसरा थांबवू नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. त्यासाठी वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, बिलिंगच्या खिडकीवर ते कोणी आपणहून सांगत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, तिघांची आधारकार्डं, बाळाचा जन्मदाखला, यांच्या दहा-दहा झेरॉक्स सोलापुरातूनच करून न्या. बाळाचं आधार नसेल तर जन्मदाखल्यावर तूर्त काम चालतंय का ते विचारा, त्यासाठी प्रवास थांबवू नका.

मामाच्या मुलाशी लग्न झाल्याने झालं का? असू शकतं, नसूही शकतं. स्किडचे काही प्रकार आई-वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतात. रक्ताच्या नात्यात तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, आणि मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक. पण सगळ्यात जास्त आढळणारा आयएल२आरजी जनुकाचा प्रकार एक्स गुणसूत्रावर असतो. तो आईकडून येतो, प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची निम्मी शक्यता, प्रत्येक मुलीला वाहक असण्याची निम्मी. त्याचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. तुमचे दोन्ही मुलगेच आजारी पडले, म्हणून आईच्या माहेरच्या मुलांबद्दल वर विचारलं. घरात ‘हिच्या रक्तात दोष’ अशी भाषा सुरू झाली असेल, तर मिस्टरांनी मध्ये पडावं. निवडून दिलेला तो दोष नाही, आणि रिपोर्ट यायच्या आधी कोणालाच माहीत नाही.

पुढच्या मुलाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधी जनुकतज्ज्ञांना भेटा. त्यांना या बाळाचा नेमका दोष जनुकाच्या कोणत्या अक्षरात आहे ते लागतं, म्हणून बाळाचं डीएनए जपून ठेवलंय ना ते प्रयोगशाळेकडून लेखी घ्या. दोष माहीत असेल तर गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन होते. ती नोंदणीकृत केंद्रातच होते, आजार आहे-नाही एवढंच सांगतात, मुलगा-मुलगी सांगत नाहीत. तपासणी करायची नसेल तरी प्रसूतीच्या ठिकाणी आधी लिहून द्या: बाळाला जन्मतः बीसीजी आणि पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत, नाळेच्या रक्ताची सीबीसी आणि फ्लो सायटोमेट्री पाठवायची. निकाल स्वच्छ आला की बीसीजी नंतर देता येते, एक वर्षाच्या आत ती सरकारी केंद्रातच मिळते.